रहस्यकथेतला संग्राहक आणि मुद्देमालाच्या यादीत नसलेली वस्तू

दीपस्तंभ

सिरियल किलरच्या मागावर असलेल्या तपास अधिकाऱ्याची कथा म्हटली की अलीकडे त्यात एक ठरावीक पात्र हमखास भेटते, आणि ते म्हणजे खुन्यांच्या वस्तू जमवणारा संग्राहक. त्याच्या घराला तळघर असते, तिथे उजेड कमी असतो आणि तो बोलतो ते अर्धवट. वाचकाचा संशय त्याच्यावर जावा एवढ्यासाठीच लेखकाने त्याला उभे केलेले असते. काम झाले की तो निर्दोष ठरतो आणि कथेतून नाहीसा होतो. एवढे समृद्ध पात्र असे वाया जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटते.

मी एका दीर्घ रहस्यकथेचा आराखडा तयार करतो आहे. त्यात खून संग्राहकाचाच होतो. त्याचे घर स्वच्छ आणि टापटीप आहे. तुरुंगातून आलेली पत्रे, कैद्यांनी काढलेली चित्रे, सह्या, जुनी कात्रणे असे सगळे काही क्रमांक घालून ठेवलेले आहे आणि प्रत्येक वस्तूची एका जाड वहीत नोंद आहे. वही आणि कपाटे ताडून पाहिल्यावर फक्त एक वस्तू कमी भरते, ती म्हणजे एक साधे, स्वस्त मनगटी घड्याळ. शेजारच्याच खणातल्या चित्राला त्याच्या कित्येक पट किंमत आली असती, पण त्याला कोणी हात लावलेला नाही. तपास करणारी अधिकारी अनुभवी आहे आणि असल्या संग्रहांविषयी तिच्या मनात उघड घृणा आहे.

मला दोन गोष्टींवर या मंचावरच्या जाणकारांचे मत हवे आहे. अशा वस्तूंचा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो? आणि तपास अधिकारी अशा संग्रहाकडे पुरावा म्हणून कसे पाहील? कथा काल्पनिक असली तरी तिचा पाया खरा असावा, असा माझा आग्रह आहे.

जुनी वही

विषय उत्तम आहे. पहिली गोष्ट अशी की हा छंद इंटरनेटने जन्माला घातला, ही समजूत मनातून काढून टाकावी. १८२७ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात पोलस्टेड या खेड्यातल्या एका कोठारात मारिया मार्टेन या तरुणीचा खून झाला. विल्यम कॉर्डर या गुन्हेगाराला ११ ऑगस्ट १८२८ रोजी बरी सेंट एडमंड्स येथे हजारोंच्या गर्दीसमोर फाशी देण्यात आले. त्या फाशीचा दोर इंचाइंचाने विकला गेला आणि एका इंचाला एक गिनी (त्या काळचे ब्रिटिश चलन) असा भाव आल्याची नोंद आहे. लोकांनी कोठाराच्या फळ्या उचकटून नेल्या, आणि त्या लाकडाच्या दातकोरण्याही विकल्या गेल्या. कॉर्डरच्या खटल्याच्या हकिगतीची एक प्रत तर त्याच्याच कातडीत बांधण्यात आली. ती बरी सेंट एडमंड्सच्या मॉयसेस हॉल संग्रहालयात आजही आहे. त्याचा सांगाडा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे होता आणि २००४ साली त्याचे दहन झाले.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील वेगळाच वाटतो. आठवण म्हणून लोकांनी मारियाच्या थडग्यावरचा दगडसुद्धा टवके काढकाढून संपवला. ज्या मुलीचा खून झाला तिची खूण गेली आणि खुनी मात्र कातडीसकट जपला गेला.

हे केवळ बाजारी लोकांचेच वेड होते असेही नाही. एडिंबरोत सोळा खून करून प्रेते शरीरशास्त्राच्या वर्गाला विकणाऱ्या जोडीपैकी विल्यम बर्क याला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली. त्याचा सांगाडा तेथील विद्यापीठात आहे आणि त्याच्या कातडीची म्हणून ओळखली जाणारी छोटी पाकीटवही सर्जन्स हॉल संग्रहालयात आहे. १८३०च्या दशकात सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या याच एडिंबरोला, कवटीच्या आकारावरून स्वभाव ओळखू पाहणाऱ्या मंडळींकडे अभ्यासासाठी पाठवण्यात आल्या होत्या. म्हणजे डॉक्टर, विद्वान आणि संग्रहालये यांचा या संग्रहात बरोबरीचा वाटा आहे. तुमच्या संग्राहकाला तळघराची गरज नाही, हा तुमचा विचार इतिहासाला धरूनच आहे.

कायद्याचा विद्यार्थी

व्यवहाराच्या कायदेशीर बाजूविषयी थोडे लिहितो. बहुतेक उदाहरणे अमेरिकेतील आहेत, कारण हा बाजार सर्वांत मोठा आणि सर्वांत उघड तिथेच आहे.

न्यूयॉर्कमधला सिरियल किलर डेव्हिड बर्कोविट्झ पकडला गेल्यावर, आपली कहाणी विकून तो श्रीमंत होईल या भीतीपोटी न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली कायदा केला. गुन्हेगाराला आपल्या गुन्ह्याच्या कथनातून मिळणारा पैसा पीडितांसाठी राखून ठेवायचा, असे त्याचे स्वरूप होते. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केला. कायद्याची व्याप्ती इतकी सैल होती की आत्मचरित्रात तरुणपणीच्या एखाद्या गुन्ह्याचा ओझरता उल्लेख करणारा लेखकही तिच्यात सापडला असता. त्यानंतर न्यूयॉर्कने कायदा नव्याने घडवला. टेक्सासने २००१ साली, कुप्रसिद्धीमुळे किंमत वाढलेल्या वस्तूंच्या विक्रीतून गुन्हेगाराला होणारा नफा काढून घेण्याची तरतूद केली. ह्यूस्टनमध्ये पीडितांच्या हक्कांसाठी काम करणारे अँडी कहान यांनी या बाजाराविरुद्ध बरीच वर्षे लढा दिला आहे. त्याच वर्षी ईबेनेही अशा वस्तूंची विक्री बंद केली. परिणाम इतकाच झाला की विक्रेते स्वतःच्या संकेतस्थळांवर गेले.

कथेसाठी महत्त्वाचा मुद्दा असा की हे कायदे प्रामुख्याने गुन्हेगाराच्या कमाईवर बोट ठेवतात. कैद्याने फुकट पाठवलेले पत्र तिसऱ्याच माणसाने विकले, तर ते अडवणे फार अवघड असते. त्यामुळे कैद्यांशी गोड बोलून पत्रव्यवहार करणारे, आपुलकी दाखवून चित्रे मागवणारे आणि मग ती विकणारे मध्यस्थ हा या व्यवहाराचा कणा आहे. तुमच्या कथेत असा मध्यस्थ असायलाच हवा.

आणि कधीकधी सरकार स्वतःच विक्रेता असते. पत्रबॉम्ब पाठवून तिघांचे जीव घेणाऱ्या टेड काझिन्स्कीच्या वस्तूंचा न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली ऑनलाइन लिलाव झाला. डोक्यावरची टोपी असलेला सदरा, काळा चष्मा, टंकलेखन यंत्रे, डायऱ्या असे सगळे विकून सुमारे २ लाख ३२ हजार डॉलर जमले आणि ते पीडितांच्या भरपाईसाठी देण्यात आले.

पानगळ

माझा आक्षेप मूळ कल्पनेलाच आहे आणि तो मी स्पष्टपणे मांडते. अशी कथा कितीही अभ्यासपूर्वक लिहिली तरी तीही त्या संग्रहातली आणखी एक वस्तूच होते. वाचकाला कपाट उघडून दाखवण्याचा मोह लेखकाला टाळता येत नाही. तेहतीस खुनांसाठी दोषी ठरलेल्या जॉन वेन गेसीने तुरुंगात विदूषकांची चित्रे रंगवली आणि ती विकली गेली. मे १९९४ मध्ये त्याला मृत्युदंड दिल्यानंतर, पुढच्याच महिन्यात इलिनॉयमधील नेपरव्हिल येथे त्याची पंचवीस चित्रे लोकांसमोर जाळण्यात आली. ती केवळ जाळण्यासाठीच विकत घेतली गेली होती आणि त्या वेळी काही पीडितांचे नातेवाईक तिथे उपस्थित होते. इंग्लंडमधील ग्लॉस्टरचा सिरियल किलर फ्रेड वेस्ट याचे घर १९९६ साली पाडले, तेव्हा विटांचा चुरा केला गेला आणि लाकूड जाळून टाकले गेले, जेणेकरून कोणाला एक तुकडाही घरी नेता येऊ नये. ज्यांचे माणूस गेले त्यांना काय हवे असते, हे यातून पुरेसे स्पष्ट होते. मग आपण काल्पनिक कपाट तरी का सजवावे?

कायद्याचा विद्यार्थी

पानगळ, तुमच्या भावनेचा मला आदर आहे, पण नातेवाइकांना नेहमी जाळणेच हवे असते असे नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहराचा सिरियल किलर जेफ्री डामर तुरुंगात मारला गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर काही पीडितांच्या कुटुंबांचा कायदेशीर हक्क प्रस्थापित झाला होता. त्याच्या वस्तूंचा लिलाव करून भरपाई मिळवावी, अशी त्यांची मागणी होती. मिलवॉकीची अशी ओळख व्हावी हे शहराला नको होते. अखेर १९९६ साली जोसेफ झिल्बर या उद्योजकाच्या पुढाकाराने ४ लाख ७ हजार डॉलर उभे राहिले, त्या रकमेच्या मोबदल्यात वस्तू ताब्यात घेऊन नष्ट करण्यात आल्या आणि त्यांचे अवशेष कुठे पुरले ते सांगण्यात आले नाही. ज्या कुटुंबांनी लिलाव मागितला त्यांचे दुःख कमी होते, असे आपण म्हणू शकणार नाही. कादंबरीला खरी जागा अशाच ठिकाणी असते.

तपासकथा

संग्रहाकडे पुरावा म्हणून कसे पाहावे, या प्रश्नाकडे वळतो. इथे दोन निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. संग्राहक जमवतो ती खुन्याची वस्तू असते. खुनी स्वतः जपून ठेवतो ती मृत व्यक्तीची वस्तू असते. पहिल्या प्रकारची वस्तू बाजारात येते आणि दुसऱ्या प्रकारची लपवली जाते. बहुतेक रहस्यकथा या दोहोंची सरमिसळ करतात आणि त्यामुळे त्यांचा तपास ढिला पडतो.

अलास्कातील अँकरेज शहरात बेकरी चालवणारा रॉबर्ट हॅन्सन हा स्त्रियांचे खून करणारा माणूस बाहेरून सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ होता. १९८३ साली एक तरुणी त्याच्या तावडीतून निसटली आणि तिच्या जबानीने तपासाला दिशा मिळाली. घराच्या झडतीत लपवून ठेवलेले बायकांचे दागिने सापडले आणि पलंगाच्या उशाकडच्या फळीमागे विमानचालकांचा एक नकाशा सापडला. त्यावर ठिकठिकाणी फुल्या मारलेल्या होत्या. काही फुल्या आधी प्रेते मिळालेल्या जागांशी जुळत होत्या. उरलेल्या कशाच्या आहेत, हा प्रश्न मग आपोआपच उभा राहिला. दागिना एका व्यक्तीपर्यंत नेतो, पण नकाशा अजून न सापडलेल्या माणसांपर्यंत घेऊन गेला.

अमेरिकेतलाच सिरियल किलर रॉडनी अल्काला याचे उदाहरण तुमच्या कथेला अधिक जवळचे आहे. एका मुलीच्या खुनाबद्दल १९७९ साली अटक झाल्यावर, त्याने आधी सिअ‍ॅटलमध्ये भाड्याने घेतलेल्या सामानाच्या खोलीत एका छोट्या पिशवीत कर्णफुले मिळाली. त्यातली एक जोडी आपल्या मुलीची आहे, असे त्या मृत मुलीच्या आईने सांगितले. पुढे झालेल्या खटल्यात अल्कालाने ती आपली स्वतःची असल्याचा दावा केला आणि १९७८ साली दूरचित्रवाणीवरील एका खेळाच्या कार्यक्रमात आपण भाग घेतला होता, त्याचे चित्रीकरण पुरावा म्हणून दाखवले. पाहा, माझ्या कानात तेव्हाच ती होती, असे त्याचे म्हणणे होते. मात्र त्याच पिशवीतल्या दुसऱ्या एका कर्णफुलावरचा डीएनए वेगळ्याच एका खुनातील स्त्रीशी जुळला आणि त्या दाव्यातला जीव गेला. त्याने काढलेली शंभरहून अधिक छायाचित्रे पोलिसांनी २०१० साली प्रसिद्ध केली, कारण त्यांतल्या अनेक चेहऱ्यांना नावच नव्हते.

अमेरिकेतील विचिटा शहराचा सिरियल किलर डेनिस रेडर याने तर आपल्याकडच्या वस्तू स्वतःच बाहेर काढल्या. अनेक वर्षांच्या शांततेनंतर २००४ साली त्याने एका जुन्या खुनातील स्त्रीच्या वाहन परवान्याची छायाप्रत वृत्तपत्राला पाठवली. पत्र खुन्याचेच आहे, याचा याहून मोठा दाखला पोलिसांना नको होता. पुढच्या वर्षी त्याने पाठवलेल्या फ्लॉपीत चर्चचे नाव आणि डेनिस हे नाव शिल्लक होते आणि त्यावरून तो पकडला गेला.

म्हणून माझा सल्ला असा की तुमच्या अधिकारी बाईंनी पहिला प्रश्न हा विचारावा: चोरीला गेलेले घड्याळ कोणाचे होते, खुन्याचे की मरण पावलेल्या व्यक्तीचे?

जुनी वही

तपासकथा यांच्या शेवटच्या प्रश्नात या कथेचे बीज आहे, आणि त्याला जोडून एक जुने प्रकरण मांडतो.

३० सप्टेंबर १८८८च्या पहाटे लंडनच्या माइटर स्क्वेअरमध्ये कॅथरिन एडोज हिचा मृतदेह सापडला. जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याची ती बळी मानली जाते. तिच्या अंगावरच्या आणि खिशांतल्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी उपलब्ध आहे आणि ती वाचताना घशात आवंढा येतो. कारण बेघरपणाच्या काठावर जगणारी ही बाई आपला सगळा संसार अंगावरच वागवत होती. मातीच्या दोन चिलमी, चहाची डबी, साखरेची डबी, साबणाचे तुकडे, कंगवा, पांढऱ्या चिंध्या, एकच लाल हातमोजा आणि मोहरीच्या एका डब्यात सावकाराकडे गहाण टाकलेल्या वस्तूंच्या दोन पावत्या. तिची ओळख पटली ती या पावत्यांमुळे. तिच्याबरोबर राहणाऱ्या जॉन केली याने वृत्तपत्रात त्यांच्याविषयी वाचले आणि तो पोलिसांकडे गेला.

आता दुसरी बाजू. २००७ साली एका लिलावात एक शाल विकली गेली. ती या खुनाच्या जागी एका पोलिसाने उचलली, असे सांगण्यात येत होते. त्या शालीवरच्या डीएनएवरून खुनी सापडल्याचा दावा २०१४ साली गाजला, २०१९ साली त्यावर शोधनिबंधही आला. त्यावरचे आक्षेप गंभीर आहेत. तपासलेला डीएनए मायटोकॉन्ड्रियल होता आणि तो आईकडून येत असल्यामुळे असंख्य लोकांत सारखाच असतो, म्हणजे त्यावरून एका व्यक्तीवर बोट ठेवता येत नाही. शाल शंभरावर वर्षे कित्येकांच्या हातांतून गेली. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार आक्षेप असा की साबणाच्या तुकड्यांपर्यंत सर्व काही मोजणाऱ्या त्या यादीत शालीचा उल्लेखच नाही.

संग्राहकाच्या जगात वस्तूची हस्तांतराची साखळी हीच तिची किंमत असते आणि न्यायालयातही मुद्देमालाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला जातो. दोघेही एकच विचारतात, की ही वस्तू कोणाकडून कोणाकडे आली. यादीत नसलेल्या वस्तूचे दोनच अर्थ संभवतात. एक तर ती बनावट असते, किंवा पोलीस पोहोचण्याआधीच ती कोणीतरी उचललेली असते.

दीपस्तंभ

सर्वांचे मनापासून आभार. जुनी वही यांच्या शेवटच्या वाक्याने माझा आराखडा उलटा फिरला आहे, तो असा.

अनेक वर्षांपूर्वी काही स्त्रियांच्या खुनांसाठी एकाला शिक्षा झाली आणि तो तुरुंगातच मरण पावला. संग्राहकाने मध्यस्थाकडून त्याचे म्हणून एक घड्याळ घेतले. सवयीप्रमाणे वहीत छायाचित्र चिकटवण्यासाठी त्याने पाठीमागचे झाकण उघडले, तेव्हा आत दुरुस्ती करणाऱ्याने टोकदार हत्याराने कोरलेला बारीक क्रमांक दिसला. पूर्वी घड्याळजी असे क्रमांक कोरून ठेवत असत. नोंदी पुऱ्या करण्याच्या ध्यासाने तो त्या दुकानाच्या जुन्या वह्यांपर्यंत पोहोचला आणि तिथे त्याला एका बेपत्ता स्त्रीचे नाव सापडले. तिच्या खुनाचा आरोप कधी कोणावर ठेवलाच गेला नव्हता आणि ती नाहीशी झाली तेव्हा शिक्षा झालेला माणूस आधीच कोठडीत होता. संग्राहकाने मध्यस्थाला सरळ पत्र लिहून विचारले, की घड्याळ तुमच्याकडे कोठून आले? त्याचा खून या पत्रामुळे होतो.

म्हणजे संग्राहक शेवटपर्यंत संशयित राहत नाही. ज्या चिकाटीची अधिकारी बाईंना घृणा वाटते, तिच्याच बळावर त्याने पोलिसांच्या आधी एका विसरलेल्या स्त्रीला नाव मिळवून दिलेले असते. आपण चांगले काम करतो आहोत, हे त्याला कळलेलेही नसते. पानगळ, तुमचा आक्षेप मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. कपाटांतल्या इतर वस्तूंचे वर्णन मी एका परिच्छेदात आटोपणार आहे आणि खुनांचे वर्णन करणारच नाही. पाने खर्च करायची ती घड्याळ आणि त्या स्त्रीवर.

पानगळ

या स्वरूपात माझा विरोध उरत नाही, पण एक मागणी आहे. त्या स्त्रीला घड्याळापलीकडे आयुष्य द्या. ते तिने कोणत्या पगारातून घेतले, बंद पडल्यावर नवे न घेता दुरुस्त का करून घेतले आणि ते न्यायला ती दुकानात परत कधी आली, हे दुकानदाराच्या नोंदीतूनच कळू द्या. एडोजच्या गहाणपावत्यांनी जे केले ते इथे व्हायला हवे. शिवाय तिचे कोणीतरी जिवंत असावे, आणि घड्याळ सापडल्यावर त्याचे काय करायचे, हा निर्णय पोलिसांनी किंवा लेखकाने न घेता त्या माणसाने घ्यावा.

तपासकथा

रचनेतली एक फट बुजवायला हवी. मध्यस्थाने घड्याळ परत मिळवले की त्याने ते नष्ट केलेच असणार, त्यामुळे अधिकारी बाईंच्या हाती फक्त वहीतले छायाचित्र उरते. बचाव पक्षाचा वकील म्हणेल, की छायाचित्रातले घड्याळ आणि मध्यस्थाने विकलेले घड्याळ एकच कशावरून? याला तीन बाजूंनी उत्तर तयार ठेवा. खरेदीची नोंद, तीत तारीख आणि मध्यस्थाचे नाव, ही पहिली. झाकणाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र, त्यावर कोरलेला क्रमांक वाचता येईल असे, ही दुसरी. तिसरी बाजू दुकानाच्या वहीची, जी संग्राहकाच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात कधीच नव्हती. ही तिसरी कडी स्वतंत्र आहे म्हणून सर्वांत भक्कम आहे. तेव्हा घड्याळजीला किंवा त्याच्या वारसाला साक्षीला आणा, आणि ती वही त्याच्या दुकानातून पंचांसमोर जप्त होताना दाखवा. हॅन्सनच्या नकाशाचे बळ त्याच्या घराबाहेरच्या जागांशी जुळण्यात होते. इथे ते काम दुकानाची वही करेल.

दीपस्तंभ

हे पटले. जप्तीचे प्रकरण मी कथेच्या मध्यावर घेतो आणि पंच म्हणून शेजारच्या दुकानदाराला बसवतो. पानगळ यांच्या मागणीनुसार त्या स्त्रीची धाकटी बहीण आजही त्याच गावात राहत असेल. दुकानाच्या वहीतल्या सहीचे अक्षर ओळखण्यासाठी अधिकारी बाई तिच्याकडे जातील. संग्राहकाची वही मात्र मला त्याच्याच शब्दांत काही पाने द्यायची आहे. तिची भाषा कोरडी, कारकुनी असावी की त्या क्रमांकाचा छडा लागत जातो तसतशी बदलत जावी, यावर आपली मते वाचायला आवडतील.